नव्वद हातांचा कोरडा दोर

मी एक जुना दोर आहे. वाखाचा, तीन पेडांचा, अंगठ्याएवढा जाड आणि बरोबर नव्वद हात लांब. नव्वद म्हणजे नव्वद. एकोणनव्वद नाही की एक्याण्णव नाही. म्हातारपणी माणसे आपले पराक्रम वाढवून सांगतात, तसे मला जमत नाही. माझे सगळे आयुष्य मोजण्यात गेले. निदान स्वतःच्या लांबीबद्दल तरी मी खोटे बोलू नये.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, दोराला कसले आले आत्मवृत्त? बादली बांधली, विहिरीत सोडली, वर ओढली, संपले. पण मी विहिरीचा दोर नव्हतो. मला गुरांच्या गळ्यात कुणी बांधले नाही की ओझ्याभोवती आवळले नाही. मी चाळीस घरांच्या जमिनीचे माप होतो.

ही चाळीस घरे एका नदीकाठच्या उंचवट्यावर होती. नदी भारी लहरी. दरवर्षी तिला पूर यायचा आणि उतरताना ती सगळी उलथापालथ करून जायची. एकाची जमीन गिळायची आणि दुसऱ्याच्या दारात गुडघाभर गाळ टाकायची. गेल्या वर्षीचा बांध यंदा पाण्याखाली, आणि गेल्या वर्षी जिथे मासे होते तिथे यंदा काळीभोर माती. अशा ठिकाणी 'हे माझे' म्हणून कुंपण घालणारा वेडाच म्हणायचा. डोंगरापलीकडे सरकार होते. त्याचा एक माणूस एकदा आला, आठ दिवस राहिला, सगळ्यांकडे पोटभर जेवला आणि मोठा नकाशा काढून गेला. पुढच्या वर्षी तो परत आला तेव्हा नकाशातली निम्मी शेते नदीत पोहत होती. त्याने नकाशाची सुरळी केली आणि पुन्हा काही तो आमच्याकडे फिरकला नाही.

तेव्हा आमच्याकडे राजा नव्हता, मुखिया नव्हता, शिपाई नव्हता आणि कचेरीही नव्हती. गाव करी ते राव न करी, अशी म्हण आहे. आमच्याकडे राव नव्हताच, त्यामुळे सगळे गावालाच करावे लागे. पूर ओसरला, गाळ पायाला चिकटेनासा झाला, की चाळीसही घरे खाली उतरत. मला उलगडत. एकजण हे टोक धरी, एकजण ते. ज्या घरात जितकी तोंडे, तितके दोर रुंद पट्टी त्या घराला. म्हातारे तोंड असो की पाळण्यातले, माप सारखेच. खुंट्या ठोकल्या जात, आणि संध्याकाळी प्रत्येकाला आपली या वर्षापुरती जमीन कळलेली असे. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून.

नदीपलीकडे दुसरी माणसे राहत. त्यांची बोली वेगळी, त्यांचा दोरही वेगळा, काळ्या केसांचा. मधल्या कुरणाची हद्द ठरवताना दोन्ही दोर वाळूवर शेजारी शेजारी अंथरले जात, म्हणजे कुणी लबाडी केली तर लगेच दिसावी. त्या काळ्या दोराला बकरीचा वास यायचा आणि त्यालाही माझ्याबद्दल काहीतरी म्हणायचे असणार. भांडणे होत नसत असे मी म्हणणार नाही. दोनदा काठ्या उगारलेल्या मी पाहिल्या. दोन्ही वेळा दोन्हीकडच्या बायका मध्ये येऊन बसल्या, त्यांनी पोरांना अंगावर पाजायला घेतले आणि उठायला तयार होईनात. शेवटी पुरुषांनाच भूक लागली.

मला वळले ते आत्याने. ती दोघातिघांचीच सख्खी आत्या होती, पण सगळे गाव तिला आत्या म्हणे. चाळीस घरांनी मूठ मूठ वाख आणून दिला आणि आत्याने अंगणात दोन खुंटांच्या मध्ये मागे चालत चालत मला अकरा दिवसांत वळले. तिच्या तळहाताची साल गेली. शेवटची गाठ मारली आणि ती म्हणाली, "आता हा कुणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा." मला ते ऐकून अभिमान वाटला होता. तेव्हा मी नवा होतो.

माझ्याबद्दल दोन नियम होते. पहिला असा की मी एका घरी वर्षाच्या वर राहायचे नाही. दुसरा असा की मला भिजवायचे नाही. दोर भिजला की आखडतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. माझ्या आधीचा दोर एकदा कुणाच्या तरी गळक्या छपराखाली भिजला आणि कुणाच्या लक्षात आले नाही. त्या वर्षी सगळ्यांच्या पट्ट्या थोड्या थोड्या अरुंद निघाल्या आणि काठाला भलामोठा तुकडा शिल्लक राहिला. तो कुणाचा यावर दोन वर्षे भांडण चालले आणि त्यात एका माणसाचा डोळा गेला. तेव्हापासून ठरले, की दोराला पाणी लावायचे झाले तर चाळीसही घरांना विचारायचे. नियम शहाण्या माणसांनी केला होता आणि तो करायला त्यांना एक डोळा मोजावा लागला होता. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे ऐकताना माझ्या माणसांना तुम्ही मूर्ख म्हणणार नाही.

आणखी एक रीत सांगायची राहिली. आपला कोण आणि परका कोण, हेही माझ्यावरच ठरे. ज्याचा हात सगळ्यांसमोर दोराला लागला तो आपला. जन्मलेल्या मुलाची मूठ त्याच दिवशी मला लावत. बाहेरून आलेल्या माणसाचे मात्र विचारावे लागे. वर्षातून एकदा, मोजणीच्या आधी, सगळे गोल करून बसत आणि ज्याच्या घरी मी असेन तो मला मांडीवर घेऊन एकेका घराला विचारी, "याला हात लावू द्यायचा का?" एकानेही नाही म्हटले, तरी त्या वर्षी हात लावता येत नसे. पण यातच खरी गंमत होती. जो नाही म्हणेल, त्याने त्या माणसाला वर्षभर आपल्या घरी ठेवायचे, आपल्या ताटातले द्यायचे. दोघाचौघांनी नाही म्हटले, तर त्यातल्या कुणी ठेवायचे हे हो म्हणणाऱ्यांनी ठरवायचे. ज्याला माणूस नको, त्याच्याच गळ्यात माणूस. त्यामुळे नाही म्हणायला कुणी सहसा धजत नसे, आणि जो म्हणे तो वर्षभरात पुरता विरघळून जाई.

एका पुरात ओंडक्याला धरून दोन माणसे वाहत आली. एक सुईण आणि तिचा म्हातारा बाप. वरच्या अंगाला त्यांचे गाव होते, ते पाण्यात गेले. सुईण चाळिशीची असेल, कमी बोलणारी. बाप बुरूड, टोपल्या विणणारा आणि ठार बहिरा. त्याच्याजवळ एक पत्र्याचा डबा होता. काही हवे असले की तो डबा वाजवी. त्याला स्वतःला ऐकू येत नसे, पण दुसऱ्यांना येते हे तो विसरला नव्हता.

त्या वर्षी विचारणा झाली तेव्हा नावाडी म्हणाला, "नाही. माझ्या होडीत आधीच पाणी शिरतंय. आणखी दोन माणसं कशाला?"

त्याची बायको शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "छान. आता घरी जाऊन दोन अंथरुणं घाला."

सगळे पोट धरून हसले आणि नावाडी तोंड पाडून दोघांना घरी घेऊन गेला. पहिला महिनाभर तो म्हाताऱ्याकडे बघतही नव्हता. मग म्हाताऱ्याने त्याला वेताची एक मासे धरायची पाटी विणून दिली. मग दोघे संध्याकाळी काठावर बसून हातवारे करून कसल्या तरी गप्पा मारू लागले. नावाडी ओरडून ओरडून बोले आणि म्हातारा मान डोलावून भलतीचकडे बोट दाखवी. पुढच्या वर्षी विचारणा सुरू व्हायच्या आधीच नावाडी उभा राहून म्हणाला, "आमचं हो आहे. लिहून घ्या." लिहायला कुणालाच येत नव्हते, ते सोडा.

पण दुसऱ्या वर्षी एक नाही आलेच. ते म्हणणाऱ्या माणसाला गाव अर्धाहात म्हणे, कारण दर मोजणीला आपली पट्टी अर्धा हात कमी आहे असे त्याचे म्हणणे असे. मला चारचारदा ताणायला लावी. माझा त्या माणसावर राग होता, तो मी लपवत नाही. त्याच्या घरी सुईण आणि म्हातारा गेले. चार महिन्यांनी त्याच्या बायकोला दिवस भरले आणि मूल पायाळू निघाले. दोन दिवस, दोन रात्री सुईण तिच्याजवळून हलली नाही. दोघेही जगले. अर्धाहात ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडला आणि नंतर ज्याला त्याला सांगत सुटला, की माझ्या घरात सोने राहते आहे.

त्या दोन वर्षांत सुईणीच्या हातून अकरा मुले जन्मली. प्रत्येक वेळी बाळाची मूठ माझ्यापर्यंत तीच आणी. पण आणण्याआधी ती स्वतःच्या हाताला फडके गुंडाळी, म्हणजे तिची बोटे चुकूनही मला लागू नयेत. अकरा मुले तिच्या हातातून माझ्यापर्यंत आली आणि आपली झाली. ती फडक्याआड राहिली. आत्याला ते बघवत नसे. एकदा खोलीत दुसरे कुणी नव्हते, तेव्हा आत्या तिला म्हणाली, "लाव गं हात. कोण बघतंय?"

"कुणी बघत नसताना लावलेला हात मोजत नाहीत ना, आत्या?" ती म्हणाली. "लावीन. सगळ्यांसमोर लावीन. थांबले आहे मी."

तिसऱ्या वर्षी पूर मोठा आला. उतरला तेव्हा जमिनीचा तिसरा हिस्सा नदीने नेला होता. माणसे काठावर उभी राहून नुसती बघत होती. दर तोंडाला पुरा दोर येणार नव्हता, जेमतेम साठ हात येणार होते. त्या वर्षी मी आत्याच्या घरी होतो आणि तिच्या सुनेला शेवटचा महिना लागला होता. मी खुंटीवरून सगळे ऐकत असे. लोक येत, पाणी पीत आणि आडून आडून तेच बोलत. यंदा नवीन तोंडे नकोत. बाई चांगली आहे, म्हाताराही गरीब, पण यंदा नको. पुढच्या वर्षी बघू.

मात्र एकट्याने नाही म्हणायला कुणी तयार नव्हते, कारण एकट्याने म्हटले की त्याच्याच घरी दोन ताटे वाढणार. कोणी सुचवले ते मला माहीत नाही. कदाचित कुणी सुचवलेही नसेल. विहिरीवर, बांधावर, दारात बोलता बोलता ते आपोआप ठरत गेले असेल. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. चाळीस मुखी काय असते, ते त्या दिवशी मी पाहिले.

सगळे गोल करून बसले. मी आत्याच्या मांडीवर होतो. सुईण समोर बसली होती, तिने हात स्वच्छ धुतले होते, आज फडके नव्हते. म्हातारा शेजारी खुशीत होता, ओळखीच्या प्रत्येकाला हात करीत होता. आत्याने आधी नावाड्याला विचारले. त्याने जमिनीकडे बघत म्हटले, "नाही." सुईण हसली. तिला वाटले, हा पुन्हा वर्षभर ठेवतो म्हणतोय. मग शेजारचा म्हणाला, नाही. मग त्याच्या शेजारचा. अर्धाहाताची बायको ते पायाळू मूल कडेवर घेऊन उठून गेली. अर्धाहात बसून राहिला आणि नाही म्हणाला. एकोणचाळीस घरे झाली. चाळिसावे घर आत्याचे. तिची बोटे माझ्या पेडांत रुतली, इतकी की मला वाटले पीळ सुटतो. तिने सुनेच्या पोटाकडे पाहिले आणि ती म्हणाली, "नाही."

आता या दोघांना कुणाकडे ठेवायचे हे हो म्हणणाऱ्यांनी ठरवायचे. हो म्हणणारा एकही उरला नव्हता. असे कधी होईल हे रीत पाडणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नव्हते. सगळेच नाही म्हणाले, की मग कुणाचेच दार उघडावे लागत नाही. चाळीस भल्या माणसांनी मिळून ही पळवाट काढली होती.

सुईणीने साधेच विचारले, "मग आम्ही कुणाकडे राहायचं?"

एकजण उठला, मग दुसरा उठला, काम संपल्यावर माणसे उठतात तशी. म्हाताऱ्याला काहीच कळले नव्हते. तो नावाड्याचा हात धरून आपली जुनी गप्पा मारायची जागा दाखवत होता. नावाड्याने हात सोडवून घेतला.

नदीच्या एका फाट्यापलीकडे वाळूचा एक उंच पट्टा होता. तो ना आमच्या दोरात होता, ना त्या काळ्या दोरात. तिथे त्या दोघांनी वेताची आणि गवताची एक खोपी उभी केली. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्या गावाला गरज सरेपर्यंतही धीर नव्हता.

बारा दिवसांनी आत्याच्या सुनेला पहाटेपासून कळा सुरू झाल्या. मोजणी तीन दिवसांवर आली होती. आत्या फाट्याच्या काठी गेली आणि नुसती उभी राहिली. पलीकडून सुईणीनेच तिला पाहिले. कपडे गुडघ्यांवर खोचून ती पाण्यातून चालत आली. पाणी तेव्हा घोट्याच्या थोडे वर होते. तिने आत्याला एवढेच विचारले, "केव्हापासून?"

मी त्याच खोलीत खुंटीला होतो. खोली लहान, एक खिडकी नदीकडे. सकाळ गेली, दुपार झाली. मूल अडले होते. सुईण सुनेशी हळू आवाजात बोलत होती, कपाळावरचा घाम दंडाला पुसत होती. मग खिडकीतून डब्याचा आवाज आला. खण. खण. सुईणीने मान वर केली. आत्याने खिडकीतून पाहिले.

वरच्या अंगाला कुठेतरी ढग फुटले होते. इकडे ऊन होते आणि फाट्याला पाणी चढत होते. थोड्या वेळाने नावाडी दारात आला, छातीपर्यंत भिजलेला.

"आत्या, दोर दे. म्हातारा पलीकडे अडकलाय. होडीची फळी दुरुस्तीला काढून ठेवलीय, होडी काही उपयोगाची नाही. विहिरीचे दोर जोडून बघितले, मधेच तुटले. फाटा साठ हात झालाय. मी कमरेला बांधून जातो, तुम्ही इकडून धरा."

आत्याने मला खुंटीवरून उतरवले. मित्रांनो, हे मी शपथेवर सांगतो, तिने मला उतरवले. मी तिच्या दोन्ही हातांत होतो आणि दार दोन पावलांवर होते.

सुईणीचे हात गुंतलेले होते. ते काढले असते तर दोन जीव गेले असते. ती वळलीही नाही. म्हणाली, "द्या त्याला, आत्या. मला उठता येत नाही."

"भिजवायचा तर विचारायला पाहिजे," आत्या म्हणाली. "चाळीस घरांना विचारायला पाहिजे. जा, पळ. विचारून ये. लवकर पळ."

आणि नावाडी पळाला. त्याने मला हिसकावून घेतले नाही. दारात ताकदवान माणूस उभा होता आणि समोर एक म्हातारी बाई; त्याच्या मनातसुद्धा आले नाही. दोघांपैकी कुणालाही आपण काही वाईट करतो आहोत असे वाटले नाही. इतकी वर्षे ते असेच जगले होते. विचारल्याशिवाय काही करायचे नाही, हेच तर त्यांचे मोठेपण होते, आणि ते त्या दुपारी त्यांच्या पायांत अडकले.

काठावर एकोणीस घरांची माणसे जमली होती. त्यांनी एका तोंडाने हो म्हटले. बाकीची एकवीस घरे खाली दूरवर शेतांत खुंट्या तासत होती, मोजणीची तयारी म्हणून. नावाडी त्या चिखलातून पळत सुटला. प्रत्येक बांधावर थांबायचा, धापा टाकत विचारायचा, हो मिळाले की पुढे. विसावे. एकविसावे. पंचविसावे. मी आत्याच्या हातात होतो, कोरडा ठणठणीत. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. तिथे नव्वद हातांचा दोर होता आणि तो खोलीत होता.

डबा वाजत होता. आधी सावकाश, मग भराभरा, मग पुन्हा सावकाश. त्याच्याच तालावर सुईण सुनेला म्हणत होती, "आता जोर कर. आता थांब. आता कर." मूल बाहेर आले आणि रडले. ते रडणे थांबल्यावर खोलीतल्या सगळ्यांच्या लक्षात आले, की खिडकीतून काहीच ऐकू येत नाही.

नावाडी तेव्हा एकतिसाव्या घरापाशी पोहोचला होता.

सुईणीचे हात थांबले नाहीत. तिने नाळ बांधली, कापली, बाळाला पुसले. मुलगी होती. सुनेला आडवे करून पांघरूण घातले. मग तिने आपल्या हाताला फडके गुंडाळले, बाळाची मूठ धरली आणि माझ्यावर टेकवली. आजपर्यंत माझ्यावर टेकलेल्या सगळ्या मुठींत ती मला जड वाटली.

आत्या रडत म्हणाली, "फडकं काढ. बाई, आता तरी ते फडकं काढ."

"नको," सुईण म्हणाली. "तुमचं एक तोंड वाढलं, माझं एक गेलं. आता जमीन पुरेल."

तिने हात धुतले आणि ती निघाली. काठावरच्या माणसांनी तिला वाट करून दिली. वाळूचा पट्टा दिसत नव्हता, नुसते गढूळ पाणी होते. ती काठाकाठाने खालच्या अंगाला चालत गेली. कदाचित बापाला शोधत गेली असेल. नावाडी तीन दिवस तिच्या मागावर नदी धुंडाळत होता. त्याला म्हातारा सापडला नाही आणि तीही सापडली नाही.

चौथ्या दिवशी मोजणी झाली. मी एक बोटही चुकलो नाही. अर्धाहाताने मला एकदाच ताणले आणि टोक खाली ठेवले. नावाड्याने आपली पट्टी पेरली नाही. त्यात गवत माजले आणि कुणी त्याला बोलले नाही. पुढच्या वर्षी विचारणेला कुणी गोल करून बसले नाही, कारण समोरासमोर बसून हो आणि नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी लोकांनी आपापल्या पट्टीला काटेरी फांद्या लावल्या. मग दोघे बांधावरून भांडले, आणि त्यातला एक डोंगर ओलांडून कचेरीत गेला. लोक म्हणतात, सरकार आले आणि आमची रीत मोडली. मित्रांनो, तसे नाही झाले. सरकार आले तेव्हा मोडायला काही उरले नव्हते.

मोजणीवाले लोखंडी साखळी घेऊन आले. कागद झाले. कारकुनाने आत्याला विचारले, "तुम्ही इथले मूळचे का?" आत्या म्हणाली, "लिही, नदीचे." कारकून म्हणाला, कागदावर तशी जागा नाही. नदीला कागद वाचता येत नाही, त्यामुळे ती अजूनही शेते गिळते, आणि ज्याचे शेत गेले तो आता कचेरीच्या पायऱ्यांवर बसून राहतो. शिकलेली माणसे वाद घालतात, की राजा नसेल तर जमीन कोण वाटेल, हद्द कोण राखेल, आपला कोण हे कोण ठरवेल. मी साधा दोर. मला एवढेच माहीत आहे, की जमीन आम्ही नीट वाटली आणि हद्दही नीट राखली. माणसाची वेळ आली तेव्हा आम्ही कमी पडलो. साखळीवाल्यांना ते जमेल का, हे त्यांनाच विचारा.

माझी गरज संपली तशी आत्याच्या माळ्यावर मी धूळ खात पडलो. कसर लागली. उंदरांनी एक पेड कुरतडला. त्याचे मला वाईट वाटले नाही. आत्या खूप म्हातारी झाल्यावर एके दिवशी तिने नातीकडून मला खाली काढायला लावले. नदीवर नेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यात बुडवले. आयुष्यात पहिल्यांदा मी भिजलो. आखडलो. मग तिने मला अंगणातल्या दोन खुंटांना ताणून बांधले आणि उन्हात वाळू दिले. दुसऱ्या दिवशी सुटे केले आणि भिंतीला धरून धरून आपल्या हाताने मोजले.

"किती भरला?" नातीने विचारले.

"नव्वद," आत्या म्हणाली. "मला माहीत होतं. मीच वळलाय ना हा, मला माहीत होतं." ती तिथेच अंगणात बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

आत्या आता नाही. नात मोठी झाली आहे. तिने मला दोन भिंतींच्या मध्ये कपडे वाळत घालायला बांधले आहे. रोज ओले कपडे पडतात, रोज मी भिजतो, रोज वाळतो. मला काहीही होत नाही.

मित्रांनो, जपायच्या वस्तू जरूर जपा. नियमही जपा, कुणीतरी आपला डोळा देऊन ते केलेले असतात. पण कुणी पाण्यात असेल, तर आधी दोर टाका आणि मग विचारा. भिजलेला दोर वाळतो, हे माझ्यावर विश्वास ठेवून लक्षात ठेवा. त्या दुपारी नावाड्याने एकतीस घरांना विचारले, त्यात एकही माणूस नाही म्हणाला नव्हता. उरलेल्या नऊ घरी आत्या नंतर स्वतः जाऊन आली. तिला राहवेना, तिने प्रत्येक दारात उभे राहून विचारले, तुम्ही काय म्हणाला असता? नऊही घरांत तिला तेच उत्तर मिळाले. म्हणाले, "अगं आत्या, हे काय विचारायचं होतं?"